मीठ वाजतंय

भाचा मस्कतला परत गेला
आणि हे माझ्याकडे ठेवून गेला:
लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन.
म्हणाला, मावशी, त्या निमित्ताने चालणं होईल.

वाशीचा खाडीकाठ, सकाळचे सहा.
हास्यक्लब हात वर ठेवूनच हसायचा थांबतो.
वॉचमन विचारतो, मॅडम, परमिशन है क्या?
मग आवाज खाली आणून, बॉम्ब वगैरे?
मी त्याच्या गळ्यातल्या शिट्टीवरून थाळी फिरवते.
टिंग.
तो शिट्टीकडे असा बघतो
जशी ती आजच मिळाली.

बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच,
काकू, काय हरवलं?
काही नाही म्हटलं तर पटत नाही कुणाला.
जणू हरवल्याशिवाय शोधायला
महापालिकेची बंदी आहे.

तीन महिन्यांची कमाई सांगते:
बाटल्यांची बुचं एकशे बारा,
गेंड्याची पावली, स्कूटरची किल्ली,
ब्लाउजचा एक हूक, एवढासा, पण केवढा ओरडला,
आणि पितळी बाळकृष्ण, रांगता,
हातातला लोण्याचा गोळा झिजून गेलेला.
खड्डा चार बोटांचा, खुरपं घरचं,
माती परत लोटून टाचेने दाबायची.
शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं
परीक्षानळ्या अशाच जागच्या जागी ठेवल्या मी.

मधेच थाळी वेडी होते.
जिथे तिथे वाजते, खणलं तर नुसता चिखल.
झाडलोट करणाऱ्या हिरूबाई मढवी
झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून म्हणाल्या,
अवो, यो आमचा आगर होता.
मीठ हाय खाली.
मीठ वाजतंय.
आणि पुढच्या पाचोळ्याकडे वळल्या.

मग एका रविवारी टिपणीस नवरा-बायको.
बाई म्हणाल्या, यांची लग्नातली अंगठी
इथेच पडली, चौऱ्याण्णव साली.
दाखवा हो यांना, कुठे ते.
टिपणिसांनी काठीने जागा दाखवली.
पुढच्या रविवारी दुसरी.
त्याच्या पुढच्या रविवारी थेट जॉगिंग ट्रॅकखाली,
तेव्हा हा ट्रॅक नव्हता, खारफुटी इथपर्यंत होती,
असं म्हणत कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

दिवाळीच्या तोंडावर एकटेच आले.
कंपनीला टाळं लागलं त्याच महिन्यात विकली, म्हणाले.
ठाण्याला जाऊन, इथे कुणी बघू नये म्हणून.
मुलीची फी होती.
हिला सांगितलं, खाडीवर वाळूत पडली.
इथे वाळू कुठे आहे, मी म्हटलं.
तेव्हा पटलं होतं तिला, ते म्हणाले.

पुढच्या रविवारी बाई बाकावर टेकल्या,
डबा उघडून करंजी पुढे केली
आणि सहज विचारावं तसं विचारलं,
हे तुमचं यंत्र
सोनाराच्या तिजोरीतलं सोनंही ओळखतं का हो?
मी करंजी खाल्ली. उत्तर नाही दिलं.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही,
पदरावर सांडलेलं सारण एकेक कण वेचत बसल्या.

टिपणीस लांब, कठड्याजवळ,
काठी एका जागी रोवून उभे.
या वेळी नक्की, ओरडून म्हणाले.

मी गेले तिथे.
थाळी डावीकडे, थाळी उजवीकडे.
भरतीचं पाणी दगडांत शिरत होतं,
कानात तोच एकसारखा गलका,
खणलं तर चिखल, हे मला ठाऊक,
टिपणिसांना ठाऊक,
आणि बाकावरून आवाज आला,
लागलं का काही?

मी हात वर केला, थांबा.
आणि गुडघा टेकून
चार बोटं माती काढली.